आडवा बसवलेला तुकडा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. काडेपेटीहून लहान. पाठीला जाळीदार प्लॅस्टिकची चौकट, तिच्या तिरक्या कडेवर पेन्सिलीने घातलेला नंबर, आणि पोटात वाटाण्याएवढा कातडीचा तुकडा. प्रयोगशाळेत मला ब्लॉक म्हणतात. मित्रांनो, मेणबत्तीच्या मेणाला निदान जळायला मिळतं, कोणाला तरी उजेड होतो. माझ्या वाट्याला नुसतं राहणं आलं.

'मी' म्हणताना माझी जरा पंचाईत होते. मेण एका पिंपातून आलं. कातडी एका माणसाच्या कपाळावरून आली. दोघांना एकत्र गोठवलं आणि त्याचा मी झालो. मेणाला काहीच आठवत नाही. आठवतं ते कातडीला. तेव्हा आठवणी तिच्या आणि आवाज माझा, असं समजून चला.

आणखी एक. माझे बरेच काप घेतले गेले आहेत. काप म्हणजे केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा. एकेका पापुद्र्याबरोबर थोडंथोडं आठवलेलंही गेलं. त्यामुळे गोष्टीत मध्येच खाच लागेल. तिथे अडखळू नका. उडी मारून पलीकडे या, मी तिथे आहे.

*

माझा जन्म एका डाव्या भुवईच्या वर, बोटभर अंतरावर झाला. ज्याची ती भुवई, तो रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायचा. घरात त्याला दादा म्हणत, कारण त्याच्या पाठीवर बारा वर्षांनी एक बहीण झाली. तिला शाळेच्या पटावर नाव होतं, पण हाक एकच होती. बारकी.

दादाच्या अंगावर लहानपणापासून डाग होते. मानेवर फिकट, छातीवर तांबूस, आणि हातांच्या पाठीवर चपट्या चामखिळी, इतक्या की बोट फिरवलं तर खडबडीत भिंतीवरून फिरवल्यासारखं वाटावं. शाळेत मुलं त्याला चितळ म्हणायची. आई म्हणायची, शिबं आहेत. शिब्यांच्या मलमाच्या किती नळ्या रिकाम्या झाल्या ते त्या घरातल्या कचऱ्याच्या डब्याला विचारा. डाग हटले नाहीत.

बारकी सात वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी तिची वेणी घालता घालता दादाचा हात थांबला.

"आई, इकडे ये. हिच्या मानेवर बघ. माझ्यासारखंच."

आई पदराला हात पुसत आली. बघितलं आणि भडकली. "होणारच! तुझाच टॉवेल घेते ना ती. दहा वेळा सांगितलं, टॉवेल वेगळे ठेवा. माझं कोण ऐकतंय या घरात!"

बारकीला मात्र आनंद झाला. "म्हणजे आता मीपण चितळ?"

"तू कसली चितळ," दादा म्हणाला. "तू पाडस. गप बस, वेणी सुटली."

टॉवेल वेगळे झाले. एकाला निळी कड, एकाला हिरवी. डाग वाढत राहिले.

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मला फार उशिरा, दुसऱ्याच एका प्रयोगशाळेत कळली, पण तुम्ही कशाला उशीर करता? चामखीळ होते ती विषाणूमुळे. त्या विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, आणि त्याचं खटलं मोठं आहे. दोनशेच्या वर भाऊबंद. प्रत्येकाला नंबर. काही नंबर तुमच्या बोटांवर, तळपायावर साध्या चामखिळी आणतात आणि कंटाळून निघून जातात. पण पाच नंबर, आठ नंबर असे काही प्रकार आहेत, ज्यांचं नाव कोणाच्या कानावर कधी येत नाही. ते अनेकांच्या कातडीवर मुकाट राहतात, माळ्यावरच्या भाडेकरूसारखे. शरीराचे पहारेकरी त्यांना डोकं वर काढू देत नाहीत. तुमच्याही कातडीवर ते असतील. घाबरू नका, काही करत नाहीत.

फक्त अगदी थोड्या घरांत असं होतं की आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन बिघडलेल्या सूचना एकाच मुलाच्या वाट्याला येतात. त्या मुलाच्या पहारेकऱ्यांना हा भाडेकरू दिसतच नाही. मग तो हातपाय पसरतो. अंगभर चपटे डाग उठतात. आणि त्यावर वर्षानुवर्षं ऊन पडलं, की त्यातला एखादा डाग एक दिवस गाठ धरतो. ती गाठ म्हणजे कर्करोग.

हे टॉवेलातून येत नाही. हे रक्तातून येतं. म्हणजे दादाला काय झालंय हे वेळेवर कळलं असतं, तर बारकीला पुढे काय होऊ शकतं हेही त्याच दिवशी कळलं असतं. ते कळण्याची जागा मी होतो. माझी गोष्ट एवढीच आहे. बाकी सगळा तपशील.

*

बारकी अठरा वर्षांची झाली आणि दादाच्या टोळीत आली. दादाला ते नको होतं, पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय?

चार जणांची टोळी. दोघांनी खडूची भुकटी चोपडलेली दोरी रस्त्याच्या दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये उचलून सोडायची, की डांबरावर सरळ रेघ उमटते. दादा त्या रेघेवरून रंगाची गाडी ढकलत न्यायचा. रंग साधा नसतो, उकळता असतो, दाट, वर धूर. त्याच्या मागून बारकी, कमरेला बांधलेल्या डब्यातून काचेचे बारीक मणी त्या ओल्या पट्ट्यावर पेरत. गाड्यांचे दिवे पडल्यावर पट्टा चमकतो तो त्या मण्यांमुळे. रस्ता अगदी कोरडा लागतो, म्हणून काम कडक उन्हातलं. वरून ऊन, आणि पांढऱ्या पट्ट्यावर आपटून खालूनही ऊन.

"बारके, हात आखडू नको. मणी काय माहेरून आणलेस?"

"तू तुझी गाडी सरळ ने आधी. तुझ्या पट्ट्यावरून चालणारा माणूस गटारात जाईल."

"ऐकलंत का? काल आलेली पोरगी मला शिकवते."

"काल आली म्हणून काय झालं? डोळे जन्मापासून आहेत."

टोळी हसायची. दादाही हसायचा, आणि हसताना कपाळाला आठी पडली की मी दुखायचो. कारण तोवर मी फुगायला लागलो होतो. आधी इतर डागांसारखाच चपटा होतो. मग घुमटासारखा वर आलो. मग माझ्या माथ्याला भेग पडली. घाम पुसताना त्याच्या रुमालाला रक्त लागायचं. तो रुमाल उलटी घडी घालून खिशात ठेवायचा. दादा तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

रुमाल धुणाऱ्या बारकीपासून ते कसं लपणार?

"दादा, उद्या दवाखान्यात जायचं."

"अगं, चामखीळ आहे. तुलाही आहेत की."

"माझ्यातून रक्त येत नाही. उद्या जायचं म्हणजे जायचं. नाहीतर मी मुकादमाला सांगेन, की हा डोळ्यात रक्त जाऊन पट्टे वाकडे मारतो."

(इथला काप नाही. दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यात गेली.)

…पांढऱ्या कापडाला मध्ये गोल भोक, आणि त्या भोकात फक्त मी. वर दिवा. डॉक्टर घाईत होते. बाहेर रांग होती, त्यांचाही दोष नाही.

"डॉक्टर, असंच माझ्या बहिणीलाही आहे," दादा कापडाखालून म्हणाला. "लहानपणापासून. दोघांनाही."

"तिला नंतर घेऊन या. आता बोलू नका, कपाळ हलतंय."

दादा बोलायचा थांबला. मी सुटलो. त्या दिवसापासून मी त्याचा राहिलो नाही आणि त्याच्याविषयी मला जे कळलं ते कानावर पडेल तेवढंच. मला काढल्यावरही माझी काही मुळं तिथे उरली होती. एवढं मात्र मला तेव्हाच ठाऊक होतं.

*

बाटलीत औषधी पाणी. त्यात एक दिवस. मग स्पिरिट, मग आणखी कडक स्पिरिट, अंगातला पाण्याचा थेंब न थेंब निघून जाईपर्यंत. शेवटी ऊन ऊन पातळ मेण. मग एका ताईच्या टेबलावर.

या ताई तुकडे मेणात बसवायच्या. सव्वीस वर्षं त्यांचं तेच काम. नव्या येणाऱ्या प्रत्येकीला त्या एकच वाक्य पहिल्यांदा शिकवायच्या. "आतडं गोल ठेव, नळी उभी ठेव, आणि कातडी कधीही आडवी ठेवायची नाही. कातडी उभी. कडेवर. म्हणजे सुरी वरपासून खालपर्यंत सगळे थर एका कापात दाखवते." त्या वाक्याला त्या प्रयोगशाळेत कोणी अपवाद पाहिला नव्हता.

कातडीची खालची बाजू ओळखू यावी म्हणून तुकड्याला आधी तळाला शाई लावतात. पिवळी शाई मोठ्या ऑपरेशनच्या तुकड्यांसाठी राखून ठेवायची, असा तिथला रिवाज होता. चामखिळीला काळी. मला काळी लावली. पण मी स्वतःच वाळलेल्या रक्ताने काळा होतो. काळ्यावर काळं. त्यात मी आक्रसून गोळा झालेलो.

ताईंनी मला चिमट्यात धरलं. दिव्यापुढे फिरवलं. शेजारच्या साच्यातलं मेण गोठायला लागलं होतं, अजून तीस तुकडे बाकी होते.

"हा काय गं?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

"कपाळाची चामखीळ."

"तळ कुठला काही कळत नाही."

"चामखीळच आहे ना ताई, कुठूनही कापली तरी चामखीळच दिसणार."

ताई क्षणभर थांबल्या. मी त्यांना ओरडून सांगितलं. मित्रांनो, तुम्ही कधी मेणाला ओरडताना ऐकलंय? ताईंनी मला साच्यात ठेवलं. आडवा. वरचं तोंड सुरीकडे, मुळं पाठीला, प्लॅस्टिकच्या चौकटीकडे. वर मेण ओतलं. गार फळी. मी झालो.

मग यंत्र.

पहिला काप. फेकला.
दुसरा. फेकला.
तिसरा. माझी साल, नुसती साल.
चौथा. थोडं आत.
पाचवा काचेवर घेतला, रंगवला, नंबर घातला.

त्यात मी होतो, पण माझी गोष्ट नव्हती.

काचा बघून निदान लिहिणाऱ्या मोठ्या मॅडमनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्या बघत राहिल्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. "या पेशी फार फुगल्यात. निळसर आहेत. एरवी अशा दिसत नाहीत." मग काच मागेपुढे केली. "आडवा बसलाय वाटतं. खालचं काही दिसतच नाही."

मी श्वास रोखून धरला. नसलेला श्वास.

दारातून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, ऑपरेशन थिएटरमधून तुकडा आलाय. पेशंट टेबलावर आहे, थांबलेत."

मॅडम उठल्या. उठता उठता कागदावर लिहिलं. चामखीळ. खाली सही. ती सही फार सुंदर होती.

*

मग खण. लांब, अरुंद, लोखंडी. माझ्या एका बाजूला कोणाचा तरी पित्ताशयाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला गालावरचा तीळ. खणात कोणी कोणाशी बोलत नाही. सगळ्यांकडे सांगण्यासारखं असतं, पण ऐकायचं कोणाला, सगळेच ठोकळे. तिथे ब्लॉक दहा वर्षं सांभाळायचा नियम आहे. लोक म्हणतील, किती काळजी घेतली. घेतलीच. धूळ नाही, ऊन नाही, उंदीर नाही. मला इतकं जपलं की तीन वर्षं माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

तीन वर्षं मी मोजत होतो. माझ्या पोटातली गाठ मेणात थिजलेली. ती वाढत नव्हती. पण तिची उरलेली मुळं एका कपाळात होती, आणि ते कपाळ उन्हात होतं. आणि त्याच्या मागून दहा पावलांवर दुसरी एक मुलगी, तसेच डाग घेऊन, त्याच उन्हात मणी पेरत चालली होती. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी वाटाण्याएवढा होतो.

(इथे तीन काप सलग नाहीत. फारसं काही चुकलेलं नाही. अंधारच होता.)

एके दिवशी खण उघडला. रेकॉर्डवाले काका, नाकावर चष्मा, हातात चिठ्ठी. मला उचलून खिडकीशी नेलं. खिडकीपलीकडे दोघं उभे. एकाच्या कपाळावर डोळ्यापर्यंत जाड पट्टी. शेजारी बारकी. मोठी झालेली. बावीस वर्षांची, डोक्यावर कामाची टोपी, बाह्या दुमडलेल्या.

"पेशंट कोण?" काकांनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला.

"अर्ज?"

"हा."

"यावर फोटो कुठाय?"

"फोटो कशाला काका," बारकी म्हणाली, "अख्खा माणूस आणलाय की. बघा, मिळताजुळता आहे का."

काका हसले नाहीत, पण फोटोही मागितला नाही. "सही करा. कोणी मागवलाय ब्लॉक?"

"कातडीच्या नव्या डॉक्टर आहेत, मोठ्या हॉस्पिटलात. त्या म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी काढलेलं नीट बघायचंय."

"न्या. पण जपून. मेण आहे, उन्हात धरलात तर पाघळेल. मग कोणी काही बघू शकणार नाही."

मला कागदाच्या पाकिटात घालून तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, आता जे घडलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात प्रेमाचं आणि सगळ्यात वाईट. बाहेर भर दुपार होती. बसथांब्यावर छप्पर नव्हतं. पाकीट गरम व्हायला लागलं तसं बारकीने इकडेतिकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली. पाण्याच्या बाटलीने रुमाल भिजवला, पाकिटाभोवती गुंडाळला, मला टोपीत ठेवलं आणि टोपी छातीशी धरून माझ्यावर वाकून उभी राहिली, आपल्या अंगाची सावली माझ्यावर पडेल अशी.

"अगं, डोक्याला ऊन लागेल तुझ्या," दादा म्हणाला.

"मला काय होतंय? मी काय मेणाची आहे?"

तिच्या उघड्या मानेवर, उघड्या हातांवर ऊन पडत होतं. त्या डागांवर. मी टोपीत, ओल्या रुमालात, गार. अर्धा तास बस आली नाही. अर्धा तास मी तिला एकच गोष्ट सांगत होतो, टोपी घाल. मला पाघळू दे आणि टोपी घाल.

*

दुसरी प्रयोगशाळा, त्या मोठ्या हॉस्पिटलातली. तिथे एक चष्मेवाले सर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी मला उलटसुलट केलं, जुनी काच बघितली आणि म्हणाले, "वितळवा याला. पुन्हा बसवा. उभा."

मेण पाघळलं. मी एकदा मेलो. पुन्हा गोठलो. या वेळी कडेवर.

काप. फेकला.
काप. फेकला.
काप. आणि वरपासून खालपर्यंत, साल, पेशी, मुळं, सगळं एकाच पापुद्र्यात. तीन वर्षं जे पाठीला बांधून होतो ते उजेडात आलं. काही काप एका नळीत घालून विषाणू शोधायला पाठवले. पाच नंबर निघाला.

नव्या डॉक्टर स्वतः खाली आल्या, सोबत बारकी. दादा वर तपासणीला होता. बारकी म्हणाली होती, मला दाखवा. कागद नको, ते दाखवा. सरांच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांना एकदम बघता येईल असे दोन डोळे होते. एका बाजूला सर, एका बाजूला ती. मी शेजारी ट्रेमध्ये.

"हे काय जांभळं जांभळं?"

"हे तुमच्या दादाचं कपाळ. वरच्या या फुगलेल्या, निळसर पेशी दिसतात? विषाणू यांच्यात आहे. आता खाली या. या ज्या फांद्या खोल उतरल्यात, ती गाठ."

"म्हणजे तेव्हाच होती?"

"तेव्हाच होती."

"मग त्यांच्या कागदावर चामखीळ कसं आलं?"

सरांनी टेबलावरची वही उचलून आडवी ठेवली. "वरून बघा. काय दिसतं?"

"पुठ्ठा."

त्यांनी वही उभी केली, कड तिच्याकडे. "आता?"

"पानं."

"तुकडा आडवा बसला होता."

तिने वही स्वतःच्या हाताने आडवी केली, पुन्हा उभी केली. मग म्हणाली, "बस? एवढंच?"

"एवढंच."

"आमच्याकडे रेघ वाकडी गेली तर मुकादम खरवडून पुन्हा मारायला लावतो. रस्त्याची रेघ हो. डांबरावरची."

सरांनी चष्मा काढून पुसला. तो पुसलेलाच होता.

डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या. "दादाच्या गळ्याला गाठ लागतेय. ती कुठवर गेलीय ते वर मशीनमध्ये आज कळेल. त्याच्यासाठी जे करता येईल ते करू, सगळं करता येईलच असं मी सांगत नाही. पण आता तुझं बोलू. हात दे."

"माझं कशाला?"

"तुलाही तेच आहे. त्याच्यासारखंच, जन्मापासून. आजपासून उन्हातलं काम बंद. पूर्ण बाह्या, टोपी, मलम. दर तीन महिन्यांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. आणि हा मनगटाजवळचा डाग मला आजच काढायचाय. लहान आहे. दहा मिनिटं."

बारकीने मनगट मागे घेतलं. "आज नाही जमणार, डॉक्टर. त्याला वर एकट्याला सोडलंय. त्याला मशीनची भीती वाटते, सांगणार नाही कोणाला. आणि काम बंद करून कसं चालेल, तो आता उभा राहू शकत नाही, टोळीत त्याच्या जागी मीच गाडी ढकलते. आधी त्याचं होऊ द्या. मग माझं."

"मग म्हणजे कधी?"

"त्याचं झालं की."

"त्याची वाट बघितलीस तर…"

पण ती दरवाज्यापर्यंत गेली होती. डॉक्टर तिच्या मागे गेल्या. जिन्यावर दोघींचे आवाज थोडा वेळ आले. काय बोलल्या ते कळलं नाही. मी ट्रेमध्ये होतो. माझ्यात जे होतं ते सगळं सांगून झालं होतं, आणि तरीही.

*

दादाचं काही झालं नाही, म्हणजे बरं काही झालं नाही. महिन्याभराने त्याच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा त्याच प्रयोगशाळेत आला. तो ब्लॉक होऊन माझ्या शेजारच्या खाचेत बसला. आम्ही एकाच माणसाचे, पण ओळख नाही. मी कपाळ, तो गळा. त्याच्यात माझीच मुळं होती.

रोज सकाळी बाटल्यांचा ट्रे यायचा. तिथली एक मुलगी मोठ्याने वाचून वहीत लिहून घ्यायची. पुरुष, साठ, जठर. बाई, एक्केचाळीस, मानेची गाठ. मुलगा, नऊ, कान. मी ऐकायचो. बाई, तेवीस, मनगट, हे कधी येतंय याची वाट बघायचो. डॉक्टर दोनतीनदा खाली आल्या तेव्हा सरांना म्हणाल्या, "फोन केला. येते म्हणाली." पुन्हा म्हणाल्या, "दोन तारखा दिल्या. दोन्ही दिवशी भावाला घेऊन आली, स्वतःचं नाव काढलं नाही."

दहा महिने. ट्रेमध्ये ते कधी वाचलं गेलं नाही.

दुसऱ्यांचा ब्लॉक काम संपलं की परत द्यायचा असतो, ज्याचा त्याच्या हाती. म्हणून आज सकाळी मला खिडकीवर ठेवलं. खिडकीत बसणाऱ्या माणसाने वहीतून मान वर न काढता विचारलं, "पेशंट स्वतः नाही आला?"

"दादा येऊ शकत नाही आता," बारकी म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला, पण त्यातली मस्करी कुठे गेली ते कळलं नाही.

"नातं?"

"बहीण."

"इथे सही. तिथे नाही, खाली. नाव सुवाच्य अक्षरात."

तिने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. डॉक्टरांचं तेवढं ऐकलं होतं. पण बाहीला पांढरा रंग लागलेला होता, तो वहीला लागू नये म्हणून तिने उजवी बाही वर सारली आणि हात खिडकीतून आत घेतला. तो हात माझ्यापासून वितीवर होता. मनगटाजवळचा तो डाग आता डाग नव्हता. घुमट होता. माथ्याला भेग. भेगेच्या कडेला वाळलेलं रक्त. दादाच्या एकतिसाव्या वर्षी मी त्याच्या कपाळावर होतो, हुबेहूब तसा.

खिडकीतला माणूस अक्षर बघत होता. ती अक्षर बघत होती. "बरोबर आहे ना?" तिने विचारलं. "बरोबर," तो म्हणाला आणि मला पाकिटात घालून त्याच हातात दिलं. तिची बोटं माझ्यावर मिटली. पाकिटाच्या पातळ कागदापलीकडे ते खरखरीत टोक मला लागत होतं, तिच्या प्रत्येक पावलागणिक.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मला पुष्कळ जपलं गेलंय. पण तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर त्याचे कागद, त्याच्या बाटल्या, त्याची पिशवी घेऊन धावणारं एक माणूस असतं. त्याला विचारलंत, तर ते म्हणेल, आधी याचं होऊ दे, मग माझं. तेवढं एक त्याचं ऐकू नका. आज घरी गेलात की त्याच्या हातातली पिशवी काढून घ्या, आणि त्याचा हात उजेडात धरून नीट बघा.